शून्य टाकलं तरी पास

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटी मला तिच्या कॉलेजचा प्रोजेक्ट दाखवत होती. पडद्यावर पिवळ्या ओळी भराभर वर सरकत होत्या. मी विचारलं, या कसल्या ओळी? ती हसून म्हणाली, "आजी, त्या नुसत्या वॉर्निंग आहेत. त्यांच्याकडे कोण बघतं? बिल्ड झालं ना!" आणि कॉल बंद पडला. थोरल्यानं लगेच मेसेज टाकला की आजीकडचं नेटवर्क पुन्हा गेलं वाटतं.

नेटवर्क गेलं नव्हतं. कॉल मी बंद केला होता.

त्या क्षणी बोलले असते तर नको ते बोलले असते. तिकडे परदेशात तुमच्याकडे सकाळ होती, तिला कॉलेजला जायचं होतं. म्हणून आता लिहायला बसले आहे. तुम्ही दोघंही थोड्याच दिवसांत असे प्रोग्राम लिहू लागाल जे दुसरी माणसं वापरतील, आणि ती माणसं तुम्हाला कधी दिसणार नाहीत. त्याआधी गेल्या उन्हाळ्यात इथं जालन्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक असावं. ऐकायला गोड गोष्ट नाही. मला तिची किळस आली होती. राग असता तर एव्हाना उतरला असता.

तुम्हाला आजी म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी आणि टॉवेलची घडी वाकडी दिसली तर पुन्हा घालणारी बाई. पण निवृत्त होईपर्यंत मी एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली. माझ्या वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यामुळे कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा त्याच्याबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली गेली, कारण दुसरं कोणी ती उघडणार नव्हतं. मी ती वाचली. त्यातूनच सी भाषा शिकले आणि उगवण तपासणीचा प्रोग्राम लिहिला.

तो करतो काय, ते सांगते. बियाण्याचा प्रत्येक लॉट पिशव्यांत भरण्याआधी त्यातलं थोडं बी ओल्या कागदात गुंडाळून उगवायला ठेवतात. ठरलेल्या मुदतीनंतर कागद उलगडून किती बी नीट उगवलं ते मोजतात. तो आकडा प्रोग्राममध्ये भरायचा. प्रोग्राम त्या पिकासाठी ठरलेल्या मर्यादेशी तो ताडून पाहतो आणि अहवालावर पास किंवा नापास छापतो. पास झाल्यावर प्रयोगशाळेची प्रमुख सही करते आणि मगच पिशव्या शिवल्या जातात. एवढंच काम, पण त्या एका शब्दावर कोणाचं तरी शेत पेरलं जातं.

मेच्या मध्यावर मला प्रयोगशाळेतल्या बाईचा फोन आला. माझ्यानंतर तिथली जबाबदारी हिच्याकडे आली. एम.एस्सी. झालेली, मंठ्याकडच्या खेड्यातली. बोलणं कमी, काम स्वच्छ. तिच्या गावातले लोक मंठ्याच्या दुकानातून आमच्याच कारखान्याचं सोयाबीन नेतात आणि नेण्याआधी तिला विचारतात, "ताई, औंदाचं बी तू बघितलं ना?" ती हो म्हणाली की पिशवी उचलतात.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्या प्रोग्राममध्ये सोयाबीनला काही सूट दिलेली आहे का?"

"कसली सूट?"

"माझ्या हिशेबानं लॉट नापास आहे. तो पास म्हणून राह्यला."

"सूट बिलकुल नाही. तू आकडा बरोबर भरलास ना?"

"तीनदा भरला. मॅनेजर साहेब म्हणतात सही करा. टेम्पो दारात लागलेत, मृगाच्या आधी माल दुकानात पाहिजे. न्हाई करायची तर रजेवर जा, दुसरं कोणी करील, म्हणले." मग ती हळू आवाजात म्हणाली, "याच्या आधी एका लॉटला मला असाच संशय आल्ता. तेव्हा वाटलं प्रोग्राम तुमचा आहे, त्यात काहीतरी विचार केलेला असेल. मी सही केली."

मी लगेच साडी बदलली आणि रिक्षा केली.

एमआयडीसीचा तो रस्ता तुम्ही पाहिलेला आहे. लोखंडाच्या कारखान्यांची काळी पूड पदरावर बसते आणि घरी येऊन झटकली तरी जात नाही. पण त्या दिवशी खरी घाण आत होती. तिनं मला आधी प्रयोगशाळेत नेलं आणि त्या लॉटचे कागद उलगडून दाखवले. कुजलेल्या सोयाबीनचा वास ज्यानं घेतला नसेल त्याला तो सांगून कळणार नाही. निम्म्याहून जास्त बी बुळबुळीत झालं होतं, वर पांढरी बुरशी आणि खाली पिवळं पाणी. हे बी पास होतं म्हणे.

मग ऑफिस. नवा संगणक पाडव्याला घेतलेला. त्याच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर चिकटून वाळलेली झेंडूची पाकळी. इथवर ठीक आहे, मीही नव्या वस्तूला कुंकू लावते. पण कीबोर्डात पेढ्याचे कण तसेच होते आणि त्यावर मुंग्या चालल्या होत्या. टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं एकात एक. पडद्यावर फोल्डरांची दाटी, त्यांची नावं ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल खरं’. मी रुमाल काढून आधी कीबोर्ड पुसला. पडद्याला रुमाल लावून उपयोग नव्हता.

माल पाठवण्याचं काम बघणारे मॅनेजर मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही आलात, चांगलं झालं. या बाईला जरा समजावून सांगा. प्रोग्राम बराबर चालून राह्यलाय. उगा जुन्या माणसांना तरास कशाला?"

"शेवटचा हात कोणी लावला प्रोग्रामला?"

"हात म्हणजे काय, सुधारलाय. शेठनी सांगितलं अहवालावर क्यूआर कोड पाहिजे. संभाजीनगरहून एजन्सीचा इंजिनिअर आल्ता. एका दिवसात करून दिलं. खर्चा पण कमी."

आता थोडं थांबून तुम्हाला आवडणारं सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. थोरल्याला माहीत आहे, धाकटीला माहीत असायला हवं. माझा प्रोग्राम बऱ्याच फाइलींचा आहे. कंपायलर एकेक फाइल वेगळी वाचतो आणि यंत्राच्या भाषेत उतरवतो. एका फाइलीनं दुसरीकडच्या कामाचं नाव घेतलं असेल तर तो एवढंच मानतो की असेल कुठेतरी. मग लिंकर येतो. तो सगळ्या फाइली जोडतो आणि वर्गात हजेरी घेतल्यासारखं एकेक नाव पुकारतो. ज्या नावाला कोणी हजर म्हणत नाही तिथं तो थांबतो आणि साध्या इंग्रजीत सांगतो की या नावाचं काम मला कुठेच सापडलं नाही. यालाच अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणतात. या सगळ्या जोडणीला बिल्ड म्हणतात, आणि ती कोणत्या क्रमानं, कोणत्या फाइली घेऊन करायची ते बिल्ड स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं.

पास-नापास ठरवण्याचं काम मी मुद्दाम वेगळ्या लायब्ररीत, बाहेरून जोडायच्या एका तयार फाइलीत, ठेवलं होतं, म्हणजे अहवालाच्या छपाईत कोणी ढवळाढवळ केली तरी निकालाला धक्का लागू नये. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाइलीचं नाव मी स्वतंत्र ओळीवर लिहिलं होतं. ती स्क्रिप्ट उघडली आणि मला ओळखू येईना. फाइलींची नावं गेली होती. त्या जागी एक ताऱ्याचं चिन्ह टाकलं होतं, म्हणजे फोल्डरात जे काही पडलेलं असेल ते सगळं घ्या. लायब्ररीची ओळ बंद करून ठेवली होती.

मी ती ओळ पुन्हा चालू केली आणि बिल्ड करून पाहिलं. लिंकर म्हणाला, लायब्ररी सापडत नाही, आणि जिथं शोधली तो पत्ता छापला. पत्त्याच्या मधोमध नुसती प्रश्नचिन्हं होती.

"हे फोल्डर कोणत्या नावाचं आहे?" मी विचारलं.

कोपऱ्यातल्या टेबलावरून मुनीमजी उठून आले. कारखाना सुरू झाल्यापासून हिशेब त्यांच्याकडे आहेत. पांढरा सदरा, कानावर पेन. मी नोकरीला लागले तेव्हाही ते तसेच होते.

"श्री," ते म्हणाले.

"काय?"

"बाईसाहेब, श्री. मशीन आल्तं पाडव्याला. मी नारळ फोडला, पहिलं फोल्डर श्री नावाचं बनवलं आणि जुन्या मशीनवरचा सगळा कारभार त्याच्या आत ठेवला. नव्या चोपडीवर पहिलं श्री लिहितो की न्हाई आपण? मंग?"

त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. माझ्या आईच्या वाणसामानाच्या यादीवरही वर श्री असायचं. माझी स्क्रिप्ट स्वतः जिथं बसली असेल तिथला पूर्ण पत्ता काढून लिंकरला देत असे, आणि या लिंकरला इंग्रजीखेरीज अक्षर वाचता येत नाही. देवनागरी दिसली की तो त्या जागी प्रश्नचिन्हं मांडतो आणि मग ती प्रश्नचिन्हं शोधत फिरतो. तयार प्रोग्राम जुन्या मशीनवरून जसाच्या तसा उचलून आणला होता, तो बिनतक्रार चालला. पुन्हा जोडायची वेळ क्यूआर कोडच्या निमित्तानं आली आणि तेव्हा हे पहिल्यांदा अडलं.

"श्री कागदावर लिहा आणि पडद्याच्या वर चिकटवा," मी म्हटलं. "फोल्डर मी साध्या इंग्रजी नावाच्या जागी हलवते."

"हलवा की. मला काय, देव कागदावर पण असतोच," मुनीमजी म्हणाले. "पण त्या इंजिनिअरनं मला इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

फोल्डर हलवलं. प्रश्नचिन्हं गेली. लिंकर आता म्हणाला, लायब्ररी सापडली पण ती वेगळ्या प्रकारची आहे, मी सोडून देतो. बरोबर होतं त्याचं. इंजिनिअरनं नव्या मशीनवर नवा चौसष्ट बिटचा कंपायलर बसवला होता आणि लायब्ररी जुनी बत्तीस बिटची होती. ती मूळ फाइलीपासून नव्यानं बनवायला हवी होती. तिची मूळ फाइल मशीनवर नव्हती. जुना संगणक भंगारात गेला होता, आणि तो देताना लायब्ररीचं जे चालतं तेवढंच उचललं होतं. जे वाचायचं, समजून घ्यायचं, ते फेकून दिलं होतं.

मी रिक्षा करून घरी आले. झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, तुमच्या जन्माच्या दाखल्यांच्या प्रतींशेजारी एक पेन ड्राइव्ह असतो. प्रोग्रामची मूळ प्रत त्यावर आहे. दर दिवाळीत फराळाआधी मी ती नव्या ड्राइव्हवर उतरवते. तुमचे आजोबा असताना यावरून मला हसायचे. ती घेऊन परत गेले, लायब्ररी नव्यानं बनवली आणि बिल्ड चालवलं.

एकही एरर नाही. पडद्यावर स्वच्छ शेवटची ओळ आली. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. प्रयोगशाळेतल्या बाईला मी खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, भर आता आकडा.

तिनं भरला. प्रिंटरमधून अहवाल बाहेर आला. पास.

मॅनेजर हसले. "बघा मॅडम. तुमचाच प्रोग्राम, तुमच्याच हातचं बिल्ड, आणि तुमच्यासमोर पास म्हणून राह्यला. आता तर करा बाई सही. टेम्पोवाले शिव्या देऊन राह्यले बाहेर."

ती कागदाकडे बघत राहिली. तिचा चेहरा पाहवेना. मी येण्याआधी तिच्याकडे निदान संशय तरी होता. मी येऊन, सगळं नीट करून, तोही काढून घेतला होता. आता ती नाही म्हणाली असती तर प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईच्या विरोधात एकटीनं उभी राहिली असती. तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"मॅडम," ती म्हणाली, "शून्य टाकून बघू?"

"टाक."

एकही बी उगवलं नाही असं तिनं भरलं. प्रिंटरनं कागद दिला. पास. खाली शेठना हवा होता तो क्यूआर कोड, अगदी ठसठशीत.

मॅनेजरांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"शाई संपत आली वाटतं," ते म्हणाले.

मी पुन्हा स्क्रिप्ट उघडली आणि या वेळी एकेक ओळ बोटाखाली धरून वाचली. कंपायलरची ओळ लांब होती, पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेलेली. तिथवर सरकवली तर टोकाला एक छोटी खूण दिसली. त्या खुणेचा अर्थ, कंपायलरला कितीही शंका आल्या तरी त्यानं एकही बोलायची नाही. सगळ्या वॉर्निंग बंद. माझ्या मूळ स्क्रिप्टमध्ये बरोबर उलटं होतं. त्यानं दिसेल ते सगळं बोलावं असं मी त्याला सांगितलेलं होतं.

खूण पुसली, माझी जुनी ओळ घातली, बिल्ड चालवलं. पिवळ्या ओळी आल्या. धाकटे, अगदी तुझ्या पडद्यावर होत्या तशाच. आणि त्यांच्यात एक ओळ अशी होती: अमुक फाइलीतल्या निकालाच्या कामाला उगवणीचा आकडा दिला जातो, पण ते काम त्या आकड्याकडे बघतच नाही.

ती फाइल माझी नव्हती. नाव ‘टेम्प फायनल टू’. उघडली. आत माझ्याच निकालाच्या कामाचं, म्हणजे फंक्शनचं, नाव, आणि त्याच्या पोटात एकच ओळ: उत्तर एक. एक म्हणजे पास. आकडा कोणताही येवो, पीक कोणतंही असो, उत्तर एक.

आता कळलं. लिंकर हजेरी घेत असताना कोणीतरी दुसऱ्याच्या नावानं हजर म्हणालं होतं. स्क्रिप्टमधला तारा फोल्डरातली ही फाइलही मुकाट आत घेत होता. लिंकरला नाव मिळालं, तो समाधानी झाला. मग मी खरी लायब्ररी आणून शेजारी ठेवली तरी त्यानं तिचं दार उघडलं नाही, कारण हवं ते नाव त्याला आधीच मिळालेलं होतं. म्हणून एरर नाही. म्हणून ती स्वच्छ शेवटची ओळ.

मी इंजिनिअरला तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"हां आंटी, बोला."

मी कोणाची आंटी नाही, पण ते राहू दे. "लायब्ररीचा एरर तुम्ही कसा घालवला?"

"तो? तो क्लिअर केला ना मी. पाथमध्ये काहीतरी क्वेश्चन मार्क येत होते. मंग ती लाइनच बंद केली. मंग अनडिफाइन्ड रेफरन्स यायला लागला, त्याला डमी टाकली."

"डमी म्हणजे?"

"रिटर्न वन. सगळे असंच करतात आंटी, इंटरनेटवर बघा. बिल्ड जल्दी द्यायचं होतं. ओरिजिनल नंतर टाकणार होतो."

"नंतर म्हणजे केव्हा?"

"तुम्ही लोकांनी परत फोनच न्हाई केला."

"आणि वॉर्निंग का बंद केल्या?"

"क्लायंटसमोर पिवळं दिसलं की ते घाबरतात हो."

"ते फंक्शन काय ठरवतं, ठाऊक होतं तुम्हाला?"

मग तो म्हणाला, "व्हॅलिडेशन असेल काहीतरी."

माझ्या बाजूला ती बाई उभी होती. तिच्या बोटांना अजून कुजक्या सोयाबीनचा वास होता. मी फोन ठेवला. हात धुवावेसे वाटत होते आणि मी खरोखरच उठून ते धुतले, बाहेरच्या नळावर, दोनदा साबण लावून.

त्या माणसाच्या मनात काळं काही नव्हतं, हेच मला सहन होत नाही. कोणाला फसवून त्याला एक पैसा मिळणार नव्हता. समोर यंत्र साध्या इंग्रजीत सांगत होतं की या पत्त्यावर मला अक्षरं वाचता येत नाहीत. ते वाचून दोन हातांवर बसलेल्या मुनीमजींना विचारायचं होतं, बस. त्यानं विचारणाऱ्या लिंकरचं तोंड बंद केलं. मग लिंकरनं पुन्हा विचारलं, पुन्हा बंद केलं. शेवटी जो नुसता शंका बोलून दाखवतो त्या कंपायलरच्याही तोंडावर पट्टी मारली आणि सगळं शांत झाल्यावर काम झालं असं सांगून निघून गेला. मुनीमजींनी श्रद्धेनं चूक केली आणि विचारल्याबरोबर सांगून टाकली. तिची मला किळस येत नाही. चुकीवर चादर टाकून वर क्यूआर कोड छापणाऱ्याची येते.

ती फाइल मी काढली. स्क्रिप्टमधला तारा काढला, माझ्या फाइलींची नावं पुन्हा एकेका ओळीवर लिहिली, क्यूआर कोडची फाइल त्यांच्यात घातली, कारण तिच्यात काही वाईट नव्हतं. एक ओळ जास्तीची लिहिली: यापुढे वॉर्निंग आली तर तिला एररच समजायचं आणि बिल्ड थांबवायचं. बिल्ड चालवलं. ती बाई स्वतः खुर्चीवर बसली. शून्य भरलं. नापास. मग दारात टेम्पो लागलेल्या लॉटचा आकडा भरला. नापास.

"सही करते," ती म्हणाली, आणि नापासच्या अहवालावर तिनं सही केली.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आजच यायला पाहिजे होतं का?"

"मी नसते आले तर तुम्ही हा माल पेरला असता का, तुमच्या शेतात?"

"माझं शेत कुठंय?" ते म्हणाले आणि माल उतरवायला सांगायला बाहेर गेले.

तिथं संपलं असतं तर मी तुम्हाला हे लिहिलंच नसतं. तिनं आधी सही केलेला लॉट होता ना. क्यूआर कोड आल्यानंतरचे सगळे लॉट आम्ही पुन्हा भरले. बाकीचे खरोखर चांगले होते. तो एक नापास निघाला. त्याच्या पिशव्या मंठ्याच्या दुकानात गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गाडीतून ती मंठ्याला गेली. मी बरोबर गेले. दुकानदारानं पिशव्या परत दिल्या, कुरकुर करत, पण दिल्या. काही आधीच विकल्या गेल्या होत्या. कोणाला, ते त्याला आठवत नव्हतं. "मोसम आहे बाई, शंभर माणसं येतात. मी काय तोंडं लक्षात ठेवू?" तिनं तिच्या गावात घरोघर जाऊन विचारलं. दोन घरी पिशव्या सापडल्या, शिवण न उसवलेल्या, त्या तिनं गाडीत ठेवल्या. तिसऱ्या घरची म्हातारी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "पोरी, तूच म्हणलीस ना चांगलं हाय म्हणून? आता काय झालं?"

तिनं सांगितलं, मशीन चुकलं.

मी तिला परतीच्या वाटेवर म्हटलं, मशीन चुकलं नाही. ती म्हणाली, "माहितीये मॅडम. पण तिला लिंकर काय सांगू?" आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

उरलेल्या पिशव्या मिळाल्या नाहीत. त्या कुठेतरी पेरल्या गेल्या असणार. कोणाच्या शेतात, ते मला ठाऊक नाही. एजन्सीला काही झालं नाही. शेठनी त्यांच्याकडून पुढे दुसरं कामही करून घेतलं असं ऐकलं. मॅनेजर तिथेच आहेत. मला अजूनही कधी हात धुताना त्या नळाची आठवण येते आणि मी साबण पुन्हा लावते.

धाकटे, तुझ्या त्या पिवळ्या ओळींत काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. तुलाही नाही. तेवढ्यासाठी मी कॉल बंद केला.

आज काय शिल्लक आहे ते सांगते. प्रयोगशाळेतली बाई त्याच जागेवर आहे आणि सही करण्याआधी रोज सकाळी एकदा शून्य भरून बघते. मुनीमजींचा श्री कागदावर लिहून पडद्याच्या वर चिकटवलेला आहे. प्रोग्रामचं फोल्डर साध्या नावाचं आहे, आणि त्याची एक पूर्ण प्रत माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. बिल्ड होताना त्यात एकही एरर येत नाही आणि एकही वॉर्निंग येत नाही. खराब लॉट आला तर तो नापास म्हणतो.

तुमची,
आजी